निळ्या पाट्यांच्या वाटेने



ज्यांचे वाडवडील भाकरी फडक्यात बांधून सहा डिसेंबरला दादरला उतरत, त्यांची नातवंडे आज सुट्टी लागली की स्वतःच्या गाडीने महाबळेश्वर आणि गणपतीपुळे करून येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. (गणपतीपुळ्याला फक्त समुद्र पाहावा. देवळात शिरणाऱ्यांनी आधी बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा वाचाव्यात, एवढे सांगून पुढे जाऊ.)

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही जरा वेगळी सहल केली. घरची पाच माणसे, एक जुनी जीप, नऊ दिवस आणि सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता. मुंबईहून निघून कोकण, कोल्हापूर, पुणे, येवला, मराठवाडा आणि विदर्भ असा फेरा घातला. पाहायचे काय, तर पाट्या! सरकारी मैलाचे दगड नव्हेत की दुकानांचे बोर्ड नव्हेत. वस्तीच्या तोंडाशी आपल्या माणसांनी वर्गणी काढून, आपल्याच एखाद्या पेंटरकडून रंगवून घेतलेले नामफलक. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर, नागसेननगर, मिलिंदनगर, समतानगर. त्यांच्याबरोबर विहारांच्या भिंती, सांचीच्या तोरणाच्या धर्तीवर बांधलेल्या कमानी, चौकातले छोटे अशोकस्तंभ आणि जयंतीसाठी रंगवलेल्या भिंती. निघताना शेजारच्या भाऊंनी विचारले, "पाट्या काय पाहायच्या? त्या आपल्या दारातही आहेत." खरेच आहेत. पण पाच-पन्नास पाट्या एकापाठोपाठ एक पाहिल्या म्हणजे दारातली पाटीही नव्याने दिसू लागते.

पत्ता कसा बदलला

तरुण वाचकांपैकी ज्यांचा जन्म शहरात झाला, त्यांनी घरातल्या ट्रंकेत आजोबांचे एखादे जुने पोस्टकार्ड असेल तर काढून पाहावे. त्यावर पत्ता सापडेल : अमुक-तमुक, महारवाडा, मुक्काम पोस्ट अमुक. सातारा-सांगलीकडे 'राजवाडा' असेही म्हणत. तो मान होता की टोमणा, हे म्हणणाऱ्याच्या तोंडावरून ठरे. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, तलाठ्याच्या दप्तरी सगळीकडे तेच. माणसाने तोंड उघडण्याआधी त्याचा पत्ता त्याची जात सांगून मोकळा होई.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. माणसे बौद्ध झाली. घरातले देव नदीत गेले. वस्तीचे नाव मात्र कागदावर जसेच्या तसे राहिले. कागद बदलायचा तर अर्ज लागतो, ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, ठरावाला बहुमत लागते, आणि बहुमत वेशीच्या आत असते. पाटीला यांतले काहीच लागत नाही. तिला लागतो एक पत्रा, दोन लोखंडी किंवा लाकडी खांब, रंगाचे दोन-तीन डबे आणि रात्रभर जागायला तयार असलेली पोरे. त्यामुळे गावोगाव असे झाले की लोकांनी आधी पाटी लावली आणि मग कागदाची वाट पाहत बसले. काही ठिकाणी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे.

कराडकडच्या एका गावात एका वृद्ध उपासकांनी सांगितलेली हकिगत अशी. पाटी लागल्यावर वस्तीतल्या मंडळींनी मुंबईच्या चाळींत राहणाऱ्या पोरांना कळवले, यापुढे पत्रावर आणि मनिऑर्डरीवर 'भीमनगर' असेच लिहायचे, जुने नाव लिहिलेत तर पत्र घेणार नाही. पहिल्या महिन्यात दोन मनिऑर्डरी परत गेल्या. पोस्टमन म्हणाला, असे नगर माझ्या हद्दीत नाही. तेव्हा पोरांनी त्याला सायकलसह पाटीपाशी नेले आणि उभे केले. त्याने पाटी वाचली, डोके खाजवले आणि पुढच्या आठवड्यापासून पत्रे बरोबर येऊ लागली. परत गेलेल्या त्या दोन मनिऑर्डरींच्या महिन्यात त्या घरांनी काय खाल्ले असेल, हे मात्र त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

महाराष्ट्र शासनाला हे सुचायला २०२० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे ठरले. निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. पण सुचवलेली नावे वाचताना आम्हाला हसू आले. ही सारी नावे आपल्या पेंटरांनी पत्र्यावर कधीच लिहून ठेवली होती.

या निर्णयाची एक बाजू कोकणात गेल्यावर कळली. शासनाच्या यादीत 'बौद्धवाडा' हे नावही बदलायच्या नावांत होते. कोकणात तर वाडी-वाडीवर 'बौद्धवाडी' अशी पाटी आहे, आणि ती लोकांनी हौसेने, अभिमानाने लावलेली आहे. मंडणगड तालुक्यात एका गावकऱ्यांनी आम्हाला थेट विचारले, हे नाव आमच्यावर कुणी लादले नाही, आम्ही छप्पन साली स्वतः घेतले, मग ते जातिवाचक कसे? प्रश्न बिनतोड आहे. उलट बाजूही आहे : गावातले बाकीचे लोक 'बौद्धवाडी' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात त्यात जुनाच शब्द ऐकू येतो, असे त्याच वाडीतल्या एका कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे म्हणणे पडले. आमचे मत विचाराल तर नाव ज्यांचे, निर्णय त्यांचा. वाडीची सभा घ्यावी, बायकांनाही बोलू द्यावे, आणि ठरेल ते लिहावे. तालुक्याच्या कचेरीतून छापील यादी आली म्हणून बौद्धवाडीची पाटी उतरवू नये.

चवदार तळ्यावरून

सुरुवात आम्ही चैत्यभूमीवरून केली, कारण गावोगावच्या कमानींचा नमुना तिथलाच. दोन खांब, त्यांवर आडव्या पट्ट्या, हे सांचीचे तोरण मध्य प्रदेशात जाऊन पाहिलेली माणसे खेड्यात थोडी. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीचे प्रवेशद्वार पाहून आलेली माणसे घरटी एक तरी आहेत. १९७१ साली चैत्यभूमीचा स्तूप खुला झाला. तिथे पाहिलेले लोकांनी डोळ्यांत साठवून आणले आणि गवंड्याला काडीने मातीत काढून दाखवले. म्हणून कुठे तोरणाच्या पट्ट्या तीन आहेत, कुठे दोन, कुठे वरचे चक्र कमानीपेक्षा मोठे! अभ्यासक नाक मुरडतील. आम्हाला हे वेगळेपणच आवडले.

महाडला क्रांतिस्तंभापाशी थांबलो. मुले तळ्याकाठी पाण्यात हात घालून आली. तिथे त्यांना एक गोष्ट नीट सांगितली, कारण शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत आटोपतात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे कागद तयार होता. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागू शकली नाही. त्या दिवशी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन चालत गेले तेव्हा लागली. आणि त्यानंतरही कोर्टकचेरी चालूच राहिली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली. महाडला कागद आधी आणि पाऊल मागून, भीमनगरच्या पाटीला पाऊल आधी आणि कागद मागून. दोन्हीकडे पाऊल आपलेच.

आंबडव्याला बाबासाहेबांच्या मूळ गावी जाऊन चिपळूणमार्गे कुंभार्ली घाट चढलो. कोल्हापुरात बिंदू चौक. इथले महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे १९५० च्या डिसेंबरात, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बसले. गावोगावच्या पाट्यांवर जोतिबा आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी का दिसतात, असे कुणी विचारले तर त्याला या चौकात आणून उभे करावे.

कुंचला आणि पत्रा

आता पाटी तयार कशी होते ते सांगतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक पेंटर भेटले, वय सत्तरीच्या पुढे, हात अजून स्थिर. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी सारे समजावले.

अगदी आरंभी पत्रा परवडत नसे. तेव्हा विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीलाच चुना फासायचा, घायपाताच्या कुंच्याने. निळा रंग हवा तर कपड्यांना घालायची नीळ चुन्यात कालवायची. हा रंग पहिल्या पावसात उतरे आणि दर जयंतीला पुन्हा चढे. पुढे ऑइलपेंट आला. पत्रा घासून त्यावर आधी तांबडा रेडऑक्साइड मारायचा, नाहीतर सहा महिन्यांत गंज अक्षरांतून वर येतो. तो वाळला की जमीन निळी करायची. मग खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून फटकारायची म्हणजे सरळ रेघ उमटते. दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचे. 'भी'ची वेलांटी आणि 'म'चा काना यांच्यात जागा सोडण्यातच पेंटरची परीक्षा असते, असे त्यांचे म्हणणे.

चित्र काढायचे तर कॅलेंडरवरच्या तसबिरीवर पेन्सिलीने चौकोन आखतात, तितकेच मोठे चौकोन पत्र्यावर, आणि एकेका चौकोनातले हळूहळू वर नेतात. तथागतांचा चेहरा सोपा, ते म्हणाले, डोळे मिटलेले असतात. बाबासाहेब अवघड. चष्मा एक सूतभर तिरपा झाला तरी वस्तीतली म्हातारी पाहून लगेच म्हणते, हे आपले बाबा नव्हेत. एकदा तर त्यांनी तीन वेळा चेहरा पुसून पुन्हा काढला होता. मजुरी? तीन वेळा काढला तरी मजुरी एकदाचीच. आणि अनेक ठिकाणी तीही नाही, फक्त रंगाचे पैसे आणि जेवण. जिथे पाहुणे म्हणून घरात बसवून जेवू घालत तिथे पुन्हा पैसे मागवत नसत, असे सांगताना ते हसले.

पाट्यांवरच्या पंचरंगी ध्वजाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण निम्म्या पाट्यांवर तो चुकलेला दिसला. या ध्वजाचा जन्म श्रीलंकेत १८८५ साली झाला आणि १९५० साली तिथेच भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेने तो साऱ्या जगाच्या बौद्धांचा म्हणून स्वीकारला. त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः हजर होते. रंगांचा क्रम निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी असा, आणि टोकाला या पाचांची मिळून सहावी पट्टी. आपण महाराष्ट्रात त्याला पंचशील ध्वज म्हणतो आणि एकेका रंगाला एकेक शील चिकटवतो. वस्तुतः हे रंग तथागतांच्या देहातून फाकलेल्या प्रभेचे मानले जातात. नाव रुळले आहे, ते राहू द्या. पण क्रम तरी बरोबर लिहावा. काही ठिकाणी हिरवा रंगही दिसला. बहुधा डब्यात तेवढाच उरला असावा.

आणि नुसता निळा? तो शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्यापासून, समता सैनिक दलापासून चालत आलेला आपला रंग. आमच्यासोबत आत्याबाई होत्या. त्यांना अक्षर-ओळख नाही. गाडीच्या खिडकीतून लांबवर निळे काही दिसले की त्या म्हणत, "आपली वस्ती आली." वाचता येणाऱ्या आम्हा चौघांना पाटी दिसायच्या कितीतरी आधी.

एका नावासाठी सोळा वर्षे

देहूरोडला धम्मभूमीवर थोडाच वेळ थांबलो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. पुण्याहून नगर रस्त्याने निघालो की पेरणे फाट्याला विजयस्तंभ लागतो. तो इंग्रजांनी उभारला, आपल्या वर्गणीचा नव्हे. पण त्याच्या दगडावर कोरलेल्या शिपायांच्या नावांत 'नाक'ने संपणारी नावे मुलांना बोटाने दाखवली. पाटीवर आपल्या माणसाचे नाव, असे म्हटले तर तो जुना दगड विसरता येत नाही. येवल्याला मुक्तिभूमीवर रात्री पोचलो. १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा इथलीच.

औरंगाबादला (आता अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाच्या दरवाजासमोर मात्र अख्खी सकाळ गेली. बाकीच्या पाट्या लोकांनी स्वतः रंगवल्या. ही एक पाटी बदलून घ्यायला सोळा वर्षे लागली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे त्याच वर्षी मारले गेले. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च काढला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागले. नामांतर मागितले, नामविस्तार मिळाला. तरीही दर वर्षी चौदा जानेवारीला या दरवाजापाशी लाखोंचा समुदाय जमतो, त्या दरवाजाला हात लावतो आणि कपाळाला लावतो.

आत्याबाई दरवाजासमोरच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिल्या. अठ्ठ्याहत्तर साली त्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात नव्यानेच नांदायला आलेल्या होत्या. जमाव वस्तीवर आला तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केले, हे त्यांनी त्या दिवशी आम्हाला सांगितले. आधी तोंडाशी लावलेली पाटी उपटली आणि आडात टाकली. मग घरांकडे वळले. वस्तीतली माणसे ज्वारीच्या रानात लपली होती. चार महिन्यांनी लोक परत आले, घरे शाकारली, आणि आडातला गाळ काढताना पाटी वर आली. रंग गेला होता. पत्रा वाकला होता. तोच पत्रा हातोडीने सरळ करून पुन्हा रंगवला. "नवा कशाला आणायचा? तोच लावला." एवढे बोलून आत्याबाईंनी पिशवीतून पानाचा डबा काढला.

हे जुने झाले, आता असे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचे एक उदाहरण. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यात बेडग नावाचे गाव आहे. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाच्या स्वागत कमानीचे बांधकाम चालू होते. जून २०२३ मध्ये ते बेकायदेशीर ठरवून पाडण्यात आले. पुढच्या महिन्यात तिथल्या आंबेडकरी कुटुंबांनी घराला कुलपे लावली आणि बायका-लेकरे घेऊन भर पावसाळ्यात मुंबईला मंत्रालयाकडे चालत निघाली. सिमेंटच्या दोन खांबांसाठी माणसे गाव सोडतात, हे ज्यांना नवल वाटते त्यांनी सोळा वर्षे लागलेला हा दरवाजा पाहावा.

म्हणून ठिकठिकाणच्या मंडळांना आमची कळकळीची विनंती. कमान किंवा पुतळा उभारायचा असेल तर उत्साहाच्या भरात एका रात्रीत उभारू नका. ग्रामपंचायतीचा ठराव मागा, जागेचा उतारा काढा, रस्ता ज्या खात्याचा असेल त्याची परवानगी घ्या, पुतळ्यासाठी जिल्हा प्रशासनाकडे अर्ज करा, आणि प्रत्येक कागदाची पोच व झेरॉक्स मंडळाच्या फायलीत ठेवा. परवानगी नाकारली तर नाकारल्याचेही लेखी घ्या. आपल्या बापाने आपल्याला घटना दिली आहे. फाइल जाड असली की वकिलाचे काम निम्मे होते.

जुन्या रस्त्याने नागपूर

नागपूरला जायला आता समृद्धी महामार्ग आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, २०२५ पासून संपूर्ण खुला. वेळ वाचतो यात शंका नाही. पण त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि गाव लांबून, शेताच्या पलीकडून दिसते. पाट्या पाहायच्या तर जुना रस्ता धरावा : जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा, पुलगाव, वर्धा. गाडी हळू चालते, एस.टी.च्या मागे अडकते, खड्डे लागतात. पण दर पाच-दहा किलोमीटरवर एक निळा चौकोन उजवीकडे नाहीतर डावीकडे उभा असतो.

याच रस्त्यावर पाटी मरताना पाहिली. फ्लेक्स आला आणि पेंटरांचे हात रिकामे झाले. दुकानात जाऊन फोटो दिला की तासाभरात बॅनर छापून मिळतो, आणि स्वस्तही पडतो. पण ऊन आणि पाऊस लागला की एक-दोन वर्षांत चेहरे पांढरे पडतात आणि कापड फाटून वाऱ्यावर फडफडते. रंगवलेली पाटी मधूनमधून हात फिरवला तर पंधरा-वीस वर्षे उभी राहते. दुसरी गोष्ट अधिक बोचली. रंगवलेल्या पाटीवर तथागत असतात, बाबासाहेब असतात, रमाई असते, वस्तीचे नाव असते. फ्लेक्सवर बाबासाहेब वरच्या कोपऱ्यात तिकिटाएवढे, आणि बाकी जागेत गॉगल लावलेले इच्छुक उमेदवार. जयंतीच्या बॅनरवर वर्गणीदाराचे नाव घालावे, आमची हरकत नाही. पण त्याचे तोंड बाबासाहेबांपेक्षा मोठे नसावे, एवढा ठराव तरी प्रत्येक मंडळाने करावा.

विदर्भात बायकांच्या पाट्या पुष्कळ दिसल्या, याचा आनंद वाटला. रमाई महिला मंडळ, सावित्रीबाई महिला मंडळ. एका खेड्यात विहाराची भिंत बायकांनी एकेक दिवसाची मजुरी जमवून रंगवून घेतली होती आणि हिशेब भिंतीवरच, खालच्या बाजूला, पैशासकट लिहिला होता. रंग इतके, ब्रश इतके, पेंटरचे जेवण इतके, शिल्लक अकरा रुपये. पुरुषांच्या मंडळांनी हा हिशेब जाऊन वाचण्यासारखा आहे.

नागपुरात दीक्षाभूमीविषयी आम्ही नवे काय सांगणार? सांचीच्या स्तूपावरून प्रेरणा घेतलेला तो भव्य घुमट २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. मुलांनी बावीस प्रतिज्ञांच्या शिलालेखासमोर उभे राहून त्या मोठ्याने वाचल्या आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या एका अनोळखी कुटुंबातली मुलेही वाचू लागली. पाटीचा उपयोग यापेक्षा वेगळा काय असतो?

जाणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. मार्चअखेर ते चौदा एप्रिल हे दिवस सगळ्यांत चांगले. तेव्हा पाट्यांवर नवा रंग चढत असतो आणि पेंटर शिडीवर सापडतो. ऊन कडक असते, पाणी भरपूर घ्यावे. वस्तीत शिरताना गाडी बाहेर उभी करून चालत जावे, जयभीम करावा, मगच फोटो काढावा. संध्याकाळी पोचलात तर विहारात वंदनेला बसावे. मुक्कामाची सोय आपोआप होते. मंडळाच्या पेटीत काहीतरी टाकल्याशिवाय निघू नये. आणि एक लहान वही जवळ ठेवावी. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, गवतात झाकलेले पेंटरचे नाव आणि साल असते. गवत बाजूला करून ते उतरवून घ्यावे, कारण पाटीच्या जागी फ्लेक्स आला की ते नाव कुठेच उरत नाही. आमच्या वहीत दीड पान भरले. चार पाट्यांवर नावच नव्हते. तिथे बारीक पांढऱ्या अक्षरांत फक्त 'आपलाच' एवढे लिहिले होते.